वजनापलीकडचं सोनं

सोन्याच्या जुन्या घड्याळाला दोन भाव असतात. पहिला सराफाच्या काट्यावरचा. मागचं झाकण उघडायचं, मशीन, डायल आणि काच बाजूला काढायची, उरलेल्या केसचं वजन करायचं, कस पाहायचा आणि त्या दिवसाच्या दराने आकडा सांगायचा. दुसरा भाव संग्राहकाचा. मशीन केसबाहेर पडलं की हा भाव कोसळतो, कारण संग्राहकाला केस, डायल, काटे आणि मशीन मूळचे एकत्र हवे असतात. पहिला भाव पाच मिनिटांत कळतो. दुसरा कळायला वर्षं लागतात, आणि तोवर पुष्कळ घड्याळं पहिल्या भावाने गेलेली असतात.

सोन्याचा हिशोब मराठी घरांत लहानपणापासून कानावर पडतो. किती तोळे, कस कोणता, घडणावळ किती. दागिना मोडताना घडणावळ बुडते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल फारशी तक्रारही नसते. सोनं तर हातात राहिलं. पाटल्या-बांगड्यांना लागू पडणारा हा हिशोब घड्याळाला लावला की चुकतो. घड्याळात घडणावळ हीच खरी वस्तू. सोनं तिच्याभोवती रक्षणासाठी आणि मानासाठी आलेलं असतं. या सोन्यानेच ही घड्याळं तारली आणि मारलीही. सोन्याचं म्हणून घड्याळ सणासमारंभालाच बाहेर निघालं, एरवी डबीत राहिलं, त्यामुळे कमी झिजलं. आणि सोन्याचं म्हणूनच अडचणीच्या वेळी आधी तेच मोडलं गेलं. या दोन गोष्टी सतत समोर ठेवल्या, तर जुन्या स्विस सुवर्णघड्याळांचा सगळा इतिहास आणि त्यांचा आजचा बाजार नीट कळू लागतो.

प्रथम हद्द आखून घेऊ. या पुस्तकात येणारी घड्याळं साधारण १८६० ते १९७० या काळातली, चावीवर किंवा हाताच्या हालचालीवर चालणारी, स्विस बनावटीची आणि अस्सल सोन्याच्या केसमधली आहेत. त्यांचे मुख्य गट दोन. एक खिशातल्या क्रोनोग्राफांचा, दुसरा मनगटी घड्याळांचा. आणि मनगटी घड्याळांत पुन्हा साधी दोन-तीन काट्यांची घड्याळं वेगळी, क्रोनोग्राफ वेगळे. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता मधला काही काळ स्वतंत्रपणे मोजून देणारं घड्याळ. बटण दाबलं की मोठा सेकंदकाटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणखी एकदा दाबलं की शून्यावर परततो. क्रोनोमीटर हे याहून निराळं प्रकरण आहे. ज्याची अचूकता वेधशाळेत किंवा अधिकृत चाचणीत सिद्ध झाली, ते क्रोनोमीटर. बाजारात या दोन नावांची सर्रास गल्लत होते आणि त्या गल्लतीत पैसे जातात.

स्वित्झर्लंडची घड्याळं एका गावाची नाहीत. तीन मुलुखांनी ती घडवली आणि प्रत्येकाचा पिंड वेगळा. पहिला जिनिव्हा. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या धर्मसुधारणेने तिथे दागदागिन्यांवर निर्बंध आणले. सोनार आणि मीनाकाम करणारे कारागीर घड्याळांच्या केसकडे वळले, आणि फ्रान्समधला धार्मिक छळ चुकवून आलेल्या ह्यूगेनॉ, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, घड्याळजींनी यंत्राचं कसब आणलं. १६०१ मध्ये तिथे घड्याळजींचा संघ स्थापन झाला. व्हॅशरॉन कॉन्स्टन्टिनची परंपरा १७५५ पासूनची, पाटेक फिलिपची १८३९ पासूनची. पातळ केस, सफाईदार कडा आणि मशीनमधली चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांवर नजर लागावी असं फिनिशिंग ही जिनिव्हाची ओळख. १८८६ पासून तिथल्या निवडक मशीनवर शहराची मोहरही उमटू लागली.

दुसरा मुलूख जुरा पर्वतातला: ल लोक्ल, ला शो-द-फाँ, सँ-इमिए. इथले हिवाळे लांब आणि बर्फाचे. डॅनियल जाँरिशार या कारागिराने अठराव्या शतकाच्या आरंभी ल लोक्लच्या परिसरात हा धंदा रुजवला. शेतकरी कुटुंबं हिवाळ्यात घरच्या खिडकीशी बसून एकेक सुटा भाग करू लागली. कुणी चाकं, कुणी स्क्रू, कुणी काटे. व्यापारी ते भाग गोळा करून घड्याळ उभं करायचा. नव्या संग्राहकाने ही पद्धत पक्की ध्यानात ठेवावी. डायलवरचं नाव पुष्कळदा ज्याने घड्याळ जुळवलं किंवा विकलं त्याचं असतं. केस कुणी केली, मशीन कुठलं, डायल कुणाचं, याची उत्तरं वेगवेगळी निघतात, आणि ती शोधण्यातच या छंदाची निम्मी गोडी आहे. ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल ही दोन्ही गावं २००९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली ती याच धंद्यासाठी आखलेल्या नगररचनेमुळे.

तिसरा मुलूख व्हॅले द जू, म्हणजे जू खोरं. अवघड मशीन करावीत तर याच खोऱ्याने. लकूल्त्रची कार्यशाळा १८३३ ची, ऑडेमार्स पिगे १८७५ ची. जिनिव्हाच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक क्रोनोग्राफांची आणि ठोके देणाऱ्या घड्याळांची कच्ची मशीन या खोऱ्यात जन्मली. पुढे व्हॅल्जू आणि लेमानिया या मशीन पुरवणाऱ्या कंपन्याही इथल्याच.

क्रोनोग्राफाचा जन्म मात्र शर्यतीच्या आणि आकाशाच्या निमित्ताने पॅरिसमध्ये झाला. लुई म्वाने याने १८१६ मध्ये खगोलीय निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र पुरं केलं. निकोला रियुसेकने १८२१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत आपलं यंत्र वापरून दाखवलं. ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवायचं. या यंत्रांना खिशात आणणारी कल्पना त्यानंतरची. जू खोऱ्यातून लंडनला गेलेल्या अदोल्फ निकोलने १८४४ मध्ये हृदयाच्या आकाराच्या एका छोट्या तुकड्याचं पेटंट घेतलं. सेकंदकाट्याच्या दांड्यावर हा तुकडा बसवलेला असतो. बटण दाबलं की एक हातोडी त्याच्या कडेवर पडते. काटा कुठेही असो, तुकडा त्या दाबाखाली घसरत फिरतो आणि हातोडी त्याच्या खोबणीत स्थिरावली की काटा बरोबर शून्यावर येतो. १८६२ मध्ये सुरू, बंद आणि शून्य ही तिन्ही कामं करणारी घड्याळं लोकांसमोर आली. आजही बहुतेक यांत्रिक क्रोनोग्राफ याच हृदयावर चालतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याचा खिशातला क्रोनोग्राफ डॉक्टर, इंजिनिअर, तोफखान्याचे अधिकारी आणि शर्यतींचे शौकीन यांच्या साखळीला दिसू लागला. डायलच्या कडेवरचे आकडे वाचून तो कुणासाठी केला हे आजही सांगता येतं. नाडीचे ठोके मोजायची पट्टी असेल तर वैद्याचा. टॅकीमीटर असेल तर वेग मोजणाऱ्याचा. टेलिमीटर असेल तर तोफेचा झोत दिसणं आणि आवाज ऐकू येणं यांमधल्या वेळेवरून अंतर काढणाऱ्याचा. दोन सेकंदकाट्यांचा, एक थांबवला तरी दुसरा पळतच राहणारा प्रकार सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत महाग.

याच काळात कारखानाही आला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकन यंत्रनिर्मित घड्याळं पाहून स्विस मंडळी हादरली. लाँजीनचे अभियंता जाक दाव्हिद यांनी तिथले कारखाने पाहून सविस्तर अहवाल लिहिला आणि सँ-इमिएसारख्या गावांतून एकमेकांत बदलता येणारे सुटे भाग यंत्रावर होऊ लागले. सोन्याच्या भावाच्या आसपास सापडू शकणारा जुना क्रोनोग्राफ आणि लिलावात कोटींत जाणारा क्रोनोग्राफ यांच्यातल्या अंतराचं मूळ कारखाना आणि हातकाम यांच्या या फाट्यात आहे.

मनगटी घड्याळ फार काळ बायकांचा दागिना समजलं जाई. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी ती समजूत मोडली. हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढणं परवडत नव्हतं. लाँजीनने १९१३ मध्ये मनगटासाठी छोटं क्रोनोग्राफ मशीन केलं. ब्राइटलिंगने १९३४ मध्ये शून्यावर आणण्यासाठी दुसरं बटण दिलं, आणि दोन बटणांचा, आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणारा चेहरा तयार झाला. याच सुमारास सुरू झालेली तीसेक वर्षं सुवर्णघड्याळांच्या भरभराटीची. १९३२ मध्ये पाटेक फिलिपच्या ९६ क्रमांकाच्या घड्याळाने साध्या गोल सोनेरी घड्याळाचा आदर्श घालून दिला. १९४१ मध्ये त्याच कंपनीने १५१८ हे मॉडेल आणलं; कायमस्वरूपी दिनदर्शिका आणि क्रोनोग्राफ एकत्र असलेलं, मालिकेने बनलेलं हे पहिलं मनगटी घड्याळ. त्याची एकूण संख्या २८१ आणि त्यातली बहुतेक सोन्याची. ऑडेमार्स पिगेने तर १९३० ते १९५० च्या दशकांत अवघे ३०७ मनगटी क्रोनोग्राफ केले. दुसऱ्या टोकाला डायलवर नुसतं ‘क्रोनोग्राफ स्विस’ लिहिलेली, पातळ पोकळ पत्र्याच्या अठरा कॅरेट केसमधली, लँडेरॉन मशीनची मोठी घड्याळं परदेशी सैनिकांना आणि प्रवाशांना विकली जात होती. दोन्ही सोन्याची, दोन्ही अठरा कॅरेटची. काट्यावर ती एका जातीची. मशीन उघडलं की दोन वेगळ्या जगांतली.

१९६९ मध्ये क्रोनोग्राफांना चावी द्यायची गरज संपली आणि त्याच वर्षी यांत्रिक घड्याळांच्या गरजेवरच प्रश्न उभा राहिला. झेनिथने आणि ह्यूअर-ब्राइटलिंगच्या गटाने स्वयंचलित क्रोनोग्राफ आणले, जपानच्या सेकोनेही आणला. आणि डिसेंबरात सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात ठेवलं. ते पहिलं क्वार्ट्झ घड्याळही सोन्याच्याच केसमध्ये होतं. पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. झेनिथच्या शार्ल व्हेर्मो या कारागिराने यांत्रिक क्रोनोग्राफाची साधनं मोडीत घालण्याचा हुकूम न जुमानता ती कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली. पुढे त्यांवरच ते मशीन पुन्हा सुरू झालं. त्याच काळात जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला. यांत्रिक घड्याळ जुनाट ठरलेलं आणि सोनं तेजीत, अशा गाठीत जगभर किती केसेस भट्टीत गेल्या असतील ते आज घड्याळजींच्या खणांत आढळणाऱ्या बिनकेसच्या, पण उत्तम मशीनकडे पाहून कळतं.

पडझडीच्या काळातच संग्राहकही तयार झाले. जिनिव्हात १९७४ मध्ये सुरू झालेल्या अँटिकोरम या लिलावगृहाने जुनी घड्याळं स्वतंत्र विषय म्हणून मांडली. १९८९ मध्ये तिथे फक्त पाटेक फिलिपचा लिलाव झाला. न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्हज यांच्यासाठी केलेलं, १९३३ मध्ये सुपूर्द झालेलं सोन्याचं खिशातलं घड्याळ २०१४ मध्ये २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकला गेलं. दोन सेकंदकाट्यांच्या क्रोनोग्राफापासून न्यूयॉर्कच्या आकाशाच्या नकाशापर्यंत चोवीस करामती त्यात आहेत. उलट १५१८ हे मॉडेल २०१६ मध्ये १ कोटी १० लाख फ्रँकला विकलं गेलं ते पोलादी केसमधलं, कारण पोलादातली अशी चारच घड्याळं ज्ञात आहेत. सोन्यापेक्षा पोलाद महाग, हे सराफी हिशोबाला कधीच पटणार नाही. संग्राहकाच्या हिशोबात मात्र ते अगदी सरळ आहे.

संग्राहकांतही संप्रदाय आहेत. मशीनवाले केस उघडल्याशिवाय मत देत नाहीत. क्रोनोग्राफ सुरू-बंद करायला कॉलम व्हील आहे की स्वस्तातला कॅम, हा त्यांचा पहिला प्रश्न. डायलवाल्यांना डाग आणि पिवळेपणा चालतो, पण नव्याने रंगवलेलं डायल चालत नाही. केसवाले कडांची धार आणि शिक्क्यांची खोली पाहतात. काहींना घड्याळाच्या मालकाचा इतिहास हवा असतो. आइन्स्टाइन यांच्या सोन्याच्या लाँजीनला २००८ मध्ये मिळालेली किंमत ही त्या ओढीची. या चारही मंडळींत वाद असले, तरी मूळपणाला पर्याय नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे.

सोनं वाचण्याचं एक शास्त्र आहे आणि इथे आपल्याकडच्या सराफी नजरेचा खरा उपयोग होतो. १८८० च्या स्विस कायद्यानंतर अठरा कॅरेटच्या केसवर स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या हेल्व्हेशियाचं मस्तक, चौदा कॅरेटवर खार असे शिक्के येऊ लागले. १९९५ पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. १९२० च्या दशकापासून केसकाराचीही खूण दिसते: जिनिव्हाचा असेल तर किल्ली, जुराचा असेल तर हातोडी, आणि तिच्यात त्याचा क्रमांक. ब्रिटनमध्ये गेलेल्या केसवर तिथल्या कचेऱ्यांचे वेगळे शिक्के असतात. खिशातल्या घड्याळाला बहुधा दोन मागची झाकणं असतात. आतलं झाकण सोनेरी दिसलं तरी पुष्कळदा साध्या धातूचं निघतं, म्हणून शिक्का प्रत्येक झाकणावर स्वतंत्र पाहावा. आणि पॉलिशपासून सावध राहावं. दागिना उजळला की खुलतो. केस उजळली की कडा गोल होतात, शिक्का पुसट होतो आणि घडवणाऱ्याने दिलेला आकार कायमचा जातो.

या सगळ्यात मुंबईचा संबंध जुना आहे. फेवर ल्युबा १८६५ मध्ये हिंदुस्थानच्या बाजारात उतरली, तर वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईतून स्विस घड्याळं विकत होती. संस्थानिकांनी आपल्या मीनाकारी तसबिरी सोन्याच्या झाकणांवर करवून घेतल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीचे निर्बंध आले, १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, १९६८ चा कायदा १९९० पर्यंत टिकला. मध्यमवर्गाच्या मनगटावर रोल्ड गोल्ड किंवा एचएमटी राहिलं आणि अस्सल सोन्याची जुनी घड्याळं घरांत दडून बसली. ती चालू ठेवली इथल्या घड्याळजींनी. सुटे भाग मिळत नसताना एका मशीनचे भाग दुसऱ्यात बसवून, डायल हाताने रंगवून त्यांनी घड्याळं चालती ठेवली. याच कौशल्याची दुसरी बाजू अशी, की भडक रंगवलेल्या डायलच्या, तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेल्या नगाला जगभरचे संग्राहक आज ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ही ख्याती सुखावणारी नाही. पण वापरण्यासाठी केलेली दुरुस्ती आणि फसवण्यासाठी केलेली सजावट यांतला फरक सांगू शकणारे जाणते हातही याच शहरात आहेत, आणि त्यांच्याजवळची माहिती कुठे लिहिलेली नाही.

हा विषय आत्ताच मांडायची निकड आहे. २०२५ मध्ये आपल्याकडे दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. त्याबरोबर १९८० चा धोका परत आला. मोठ्या नावांच्या घड्याळांना तो नाही. त्यांचा दुसरा भाव पहिल्याच्या कितीतरी पुढे आहे. धोका आहे तो मधल्या फळीला: चांगल्या पण अपरिचित नावाचा सोन्याचा खिशातला क्रोनोग्राफ, आजोबांना निवृत्तीत मिळालेलं चौदा कॅरेटचं घड्याळ. यांचा वजनाचा भाव आज संग्राहकाच्या भावाला गाठतो, कधी ओलांडतो. दर आठवड्याला कुठेतरी अशी केस भट्टीत जाते आणि तिच्याबरोबर शिक्के, क्रमांक, कोरलेली नावं जातात. शिवाय जुनी मशीन उघडून नीट बसवू शकणारी पिढी थकत चालली आहे.

म्हणून या पुस्तकाचा रोख दोन वाचकांकडे आहे. पहिला वाचक नवा संग्राहक. त्याला काय घ्यावं याची यादी इथे मिळणार नाही. भाव बदलतात आणि यादी शिळी होते. घड्याळ कसं पाहावं, हे मात्र मिळेल. मशीनची ओळख, केसचे शिक्के, डायलची छपाई, क्रमांकांचा मेळ, आणि पाटेक, लाँजीनसारख्या कंपन्यांकडून जुन्या नोंदींचा उतारा कसा मागवावा, या क्रमाने मांडणी केली आहे. कायद्याची बाजूही आहे, कारण शंभर वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक महत्त्वाचं घड्याळ १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं आणि ते देशाबाहेर नेणं सोपं नाही. गुंतवणूक म्हणून या छंदाची भलामण कुठेही केलेली नाही. सोन्यात पैसे गुंतवायचे तर वळी आणि नाणी आहेत; त्यांना तेल लागत नाही आणि त्यांचं मशीन बिघडत नाही.

दुसरा वाचक संग्राहक नाही, आणि तो कदाचित जास्त महत्त्वाचा. त्याच्या घरी एक सोन्याचं घड्याळ आहे, ते बंद आहे, आणि ते मोडायचा विचार चालू आहे. त्याने मोडू नये असा आग्रह हे पुस्तक धरत नाही. घरच्या अडचणी घरच्यांनाच कळतात. सराफाकडे जाण्याआधी त्याने एवढंच करावं: एका जाणत्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडवून घ्यावं, मशीनवरची आणि केसच्या आतली अक्षरं, आकडे, शिक्के टिपून घ्यावेत, छायाचित्रं काढावीत आणि या पुस्तकातल्या तक्त्यांशी ताडून पाहावीत. त्यानंतरही मोडायचं ठरलं तर दोन्ही भाव माहीत असताना ठरलेलं असेल.